मुनीबाबाकडे पाठ करून

जुलाब होऊ नयेत म्हणून मी जे जे केलं, त्यामुळेच मला जुलाब झाले. हे वाक्य मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. मुख्य मुद्दा वर यावा ही माझी जुनी सवय, आणि शेवटपर्यंत न वाचणाऱ्यांचाही काही हक्क असतो.

आदिलाबादेत एका मराठी दैनिकाच्या जिल्हा कचेरीत मी सगळी नोकरी टेबलावर काढली. पूर आला की बातमीदार पुरात जात, मी पुरातले ऱ्हस्व-दीर्घ बघत असे. मंत्री आले, वाघ आला, गारपीट झाली. सगळं माझ्या हाताखालून गेलं, डोळ्यांसमोरून काहीच गेलं नाही. माझ्या वाट्याला आलं ते ‘असे समजते’ आणि ‘प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’. प्रत्यक्षदर्शी हा शब्द मी हजारदा शुद्ध केला असेल. स्वतः कधी झालो नाही.

त्या हजारांतली एक बातमी दर बुद्धपौर्णिमेला येई. बोथ मंडलातल्या करंजगुडा गावाच्या टेकाडावर प्राचीन बौद्ध मंदिराचे अवशेष आहेत, ते दुर्लक्षित आहेत, आणि आतल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर अवर्णनीय शांती आहे. ‘अवर्णनीय’ मी दरवर्षी काढून टाकत असे. वर्णन करता येत नसेल तर बातमी पाठवली कशाला? पण निवृत्त झाल्यावर तो शब्द काही डोक्यातून जाईना. त्या चेहऱ्यावर नक्की आहे तरी काय, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं मी ठरवलं. आयुष्यात एक तरी गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून नाही, पाहून सांगायची.

माझी बायको चारुलता हिने जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. स्तूप, चैत्य, विहार यांच्यातले फरक तिच्या विद्यार्थ्यांना झोपेतही येत. बरेचसे तेव्हाच शिकलेले होते. ती लगेच तयार झाली. मुलगा हेरंब बँकेत असतो. रविवारी गाडी आणतो म्हणाला. आणि शेजारचे केशवराव कुणी न विचारता तयार झाले.

केशवरावांचं भाजीचं ठोक दुकान आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावचं वांगं त्यांना ओळखू येतं, आणि त्यावरून त्या गावच्या पाण्याबद्दल ते बोलतात.

“तिकडचं पानी जड हाय, विठ्ठलराव,” ते म्हणाले. “आधीपासून पोटाचा बंदोबस्त करून ठेवा. मंग नका म्हनू केशवराव बोल्ला नाही.”

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. स्वतः केशवरावांनी सुंठ आणि गुळाच्या गोळ्या दिल्या. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले मोतीराम वरच्या मजल्यावरून खाली आले आणि प्रवासाच्या आदल्या दिवसापासून क्षारांचं पाणी प्यायचं, असं फर्मावून गेले. वृषालीताईंनी कुठल्याशा काढ्याची बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती, विश्वास होता. चंद्रभागाकाकूंचा विचार सर्वांत सरळ होता. “पोट आधीच रिकामं करून ठेवा भाऊ. रिकाम्या पोटात बिघडन काय?” असं म्हणून त्यांनी वाटीभर एरंडेल दिलं.

यातला खरा सल्ला कोणता हे ठरवण्याइतकी माहिती माझ्याकडे नव्हती. अशा वेळी सर्व बाजूंना समान जागा द्यावी, हा नियम मी नोकरीत कधी मोडला नव्हता. तो घरीही पाळला.

त्याआधी परवानगीचं प्रकरण झालं होतं. ते थोडक्यात सांगतो, कारण घडलंच थोडक्यात. ज्या कार्यालयात असल्या जागांची माहिती मिळते असं मला सांगण्यात आलं होतं, तिथल्या कारकुनाने जमिनीच्या नोंदींची, म्हणजे पहाणीची, जुनी दफ्तरं उघडून पाहिली आणि मान हलवली.

“सार, पहाणी में वो जमीन पडीक है. मंदिर नहीं.”

“पण मंदिर तिथे आहे.”

“दफ्तर में हैच नहीं, तो मोके पे किधर से आएगा?”

“म्हणजे परवानगीची गरज नाही?” चारुलताने विचारलं.

“गरज है ना, अम्मा,” तो समजुतीने म्हणाला. “मिलती नहीं, बस.”

तर, जी जागा नाही ती विनापरवाना पाहायला आम्ही रविवारी सकाळी निघालो. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती आणि महामार्ग गुळगुळीत होता. माझ्या पोटातल्या परिस्थितीची पहिली सूचना गुडीहतनूरच्या अलीकडे मिळाली. दुसरी इच्चोड्याला. नेरडीगोंड्यापर्यंत सूचनांचं रूपांतर आदेशात झालं होतं.

महामार्गावरच्या पेट्रोल पंपांचा तौलनिक अभ्यास याआधी कुणी केला असेल असं वाटत नाही. इथे तपशील देत नाही. एवढंच नोंदवतो, की भिंतीवर ‘स्वच्छता राखा’ असं जितकं मोठं लिहिलेलं असेल, तितकी आत जाताना मनाची तयारी ठेवावी.

“बाबा, परत फिरू का?” हेरंबने विचारलं.

“नाही.”

“अहो, टेकाड कुठे पळून जात नाही,” चारुलता म्हणाली. “पुढच्या रविवारी येऊ.”

“पुढच्या रविवारी मला काय होईल हे कुणाला ठाऊक?”

“अजून काय होणार?” केशवराव मागच्या सीटवरून म्हणाले. ते मिरचीभजी खात होते. भज्यांचा वास गाडीभर पसरला होता. “म्या म्हनलं होतं, पानी जड हाय.”

“अजून तिथलं पाणी मी प्यायलोच नाही, केशवराव!”

“मंग? न पेताच असं, पेल्यावर काय झालं असतं?”

“हेरंब, थांबव,” मी म्हणालो. पुढचा पंप आला होता.

करंजगुडा बोथच्या अलीकडे, सागाच्या जंगलाला टेकून आहे. गावाबाहेर टेकाड, आणि टेकाडाच्या पायथ्याशी वांग्या-मिरच्यांचा मळा. मळा शकुबाईंचा. बकऱ्या आत शिरतात म्हणून गावाने मंदिराच्या दाराला लोखंडी जाळी बसवली होती, आणि तिची किल्ली जवळचं घर म्हणून शकुबाईंच्या कमरेला होती. साठीच्या बाई, पदर खोचलेला, हातात विळा. आम्ही बौद्ध अवशेष पाहायला आलो आहोत, हे चारुलता त्यांना समजावून सांगणार होती. पण गाडी थांबल्याबरोबर त्यांच्याशी पहिला संवाद माझा झाला, आणि तो प्राचीन इतिहासाबद्दल नव्हता. शकुबाईंनी एका दृष्टिक्षेपात ओळखलं, टमरेल भरून दिलं आणि विळ्याने तुरीचं शेत दाखवलं.

मी परत आलो तेव्हा सगळे टेकाडावर पोचले होते. मीही चढलो. वर पाहिलं मात्र, आणि पोटाचा विसर पडला. गवतातून जागोजागी विटांच्या रांगा वर आल्या होत्या. हल्लीच्या दोन विटा मिळून होईल एवढी एकेक वीट. चारुलता एका विटेवर तळवा ठेवून गुडघ्यांवर बसली होती. वर्षानुवर्षं तिने शाळेत फळ्यावर खडूने स्तूप काढले; खऱ्या विटेला मात्र तिने आज पहिल्यांदा हात लावला होता. तीन-चार खांब तिरपे उभे होते. पलीकडे निम्मी मातीत गेलेली दगडी खोली होती, दार ठेंगणं, आत काळोख. तो चेहरा त्या काळोखात होता.

शकुबाईंनी कुलूप काढलं. चारुलता वाकून आत गेली, मग हेरंब, मग केशवराव. मी चपला काढल्या.

“तुमी नाही,” शकुबाई म्हणाल्या.

“काऊन नाही?” माझ्या तोंडून निघून गेलं. आजारात माणसाची प्रमाणभाषा आधी जाते.

“तुमाले जुलाब हायेत.”

“होते.”

“हायेत. टमरेल मीच देल्लं ना?”

पुरावा बिनतोड होता.

“दुखनं घेऊन मुनीबाबाच्या तोंडापुढं जाचं नाही,” त्यांनी सांगितलं. “ते त्याले लागते. उद्या देवाले जुलाब लागले, त त्याले बोथच्या दवाखान्यात कोन नेईन? तुमी नेता का?”

“मग मी इतक्या लांबून आलो ते...”

“जा ना आत. नाही कोन म्हनते? पन पाठमोरं जा. बाबाले पाठ टेकवून बसा, तोंड दाराकडं. दुखनं दारातून निंगून जाते. पोट साफ बरं झालं का बाहेर या, मंग पुन्हा सरळ तोंडानं जाऊन दर्शन घ्या. अख्खं गाव असंच करते.”

“आणि बरं नाही झालं तर?”

“त पुढल्या वेळी.”

एवढ्यात आतले तिघं बाहेर आले. तिघंही उलटे चालत. धडधाकट माणसाने देवाला पाठ दाखवायची नाही. येताना-जाताना तोंड मूर्तीकडेच, हाही तिथलाच नियम. केशवराव दारात माझ्यावर आदळले.

“हा बुद्ध आहे, शकुबाई,” चारुलता भारावून म्हणाली.

“असंन. आमी मुनीबाबा म्हनतो. त्यानं कधी ना म्हनलं नाही.”

“कसा आहे चेहरा?” मी तिला विचारलं. मला धीर धरवत नव्हता.

“फार शांत. डोळे मिटलेले.”

“उघडे हायेत,” केशवराव म्हणाले. “टकटक पाहून राह्यला तो. आन् मिशा हायेत.”

“मिशा? अहो भाऊजी, तो शेंदराचा ओघळ आहे!”

“दोन्ही बाजूनं सारखा ओघळ येते का, वहिनी? माझ्या आज्याच्या अशाच मिशा होत्या.”

“हेरंब, तू सांग. हसतोय का तो?”

“मी नीट नाही पाहिलं, बाबा. फोटो काढत होतो.”

त्याने फोन पुढे केला. आत उजेड मारायला शकुबाईंची मनाई होती, त्यामुळे फोटो अंधारातला होता. त्यात हेरंब बऱ्यापैकी दिसत होता. त्याच्या मागे एक कान होता. तो मूर्तीचा असावा. पण हेरंबचाच दुसरा असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही.

तीन प्रत्यक्षदर्शी, तीन हकिकती, आणि मी दारात चपला काढून उभा. पुन्हा तेच टेबल, पुन्हा तोच मी. आयुष्यभर जे केलं ते करण्यासाठी सहा पंपांवर अपमान सोसून इथवर येण्याची गरज नव्हती. क्षणभर वाटलं, सरळ आत शिरावं. बाई काय करणार? पण शकुबाई दारात उभ्या होत्या, आणि हातातला विळा त्यांनी अजून ठेवला नव्हता. दुसरंही एक होतं. बाईंची खात्री खरी होती. आपल्या पोटाची पीडा कुणाच्या देवाला लावून जायचं, हे माझ्याने होईना.

मी वळलो, दाराकडे पाठ केली आणि मागे पाऊल टाकलं.

“येऊ द्या,” शकुबाई ट्रक मागे घ्यावा तशा सांगू लागल्या. “येऊ द्या, येऊ द्या... डाव्या अंगाले. खाली वाका! आनखी वाका. येऊ द्या. बस!”

डोकं एकदा वरच्या दगडाला लागलं, टाच एकदा उंबऱ्याला. मग पाठीला गार दगड लागला आणि मी बसलो. माझ्या टाळूच्या वर, वीतभर अंतरावर तो चेहरा होता. इतक्या जवळ मी कुठल्याच बातमीच्या कधी आलो नव्हतो, आणि इतका पाठमोराही. मान किंचित फिरवली असती तरी पुरे होतं. शकुबाई दाराच्या एका बाजूला सरकल्या, पण त्यांचा एक डोळा आत होता. मुद्रितशोधकाच्या नजरेपासून सुटका नसते, हे माझ्याहून कोण जास्त जाणतो?

बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. पाठीचा दगड गार होता, पोटात गुरगुर चालू होती, आणि समोर नुसतं दार. दारातून दुपारचं ऊन आत येऊन घासून गुळगुळीत झालेल्या फरशीवर पडत होतं आणि तिथून वर उसळत होतं. हळूहळू डोळे अंधाराला सरावले. दाराच्या वर, आतल्या बाजूला एक लांब दगडी तुळई होती. तिच्यावरचे उंचवटे मी आधी ओबडधोबड दगड समजलो. मग एका उंचवट्याला नाक आहे असं दिसलं.

ते बुटके होते. ढेरपोटे, आखूड पायांचे, एका रांगेत बसलेले. दोन्ही हात वर करून त्यांनी अख्खी तुळई तोलून धरली होती. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, पोटाला पीळ पडलेला. त्या क्षणी त्यांच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही. मी एकेकाकडे बघत गेलो. एकाचे दात दिसत होते. एकाने ओठ दाबून धरले होते. आणि उजव्या टोकाच्या आधीचा एक मात्र हसत होता.

हा का हसतो आहे, हे मला कळेना. पुन्हा पाहिलं. त्याचेही हात वर होते, गाल थोडे फुगवलेले होते. पण तळहात तुळईला लागत नव्हते. मध्ये बोटभर फट होती, आणि त्या फटीत उन्हाचा कवडसा हलत होता. बाकीचे सगळे भार वाहत होते. हा नुसता पोज देऊन बसला होता. कुठल्याशा कारागिराने, कित्येक शतकांपूर्वी, सबंध रांगेत एक कामचुकार कोरून ठेवला होता, आणि तोही अशा जागी, जिथे देवाकडे तोंड करून येणाऱ्या-जाणाऱ्या एकाही भल्या माणसाला तो दिसणार नाही.

मी एकटाच मोठ्याने हसलो. हसताना लक्षात आलं, की गुरगुर थांबली आहे.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. घाईत नाही, क्रमाने, कोण, कुठे, कसं, नीट.

“हातांना फट?” चारुलता म्हणाली. “झीज असेल. तुळई वाहणारे असे बुटके गण असतातच, पण न वाहणारा मी कुठे वाचला नाही.”

“मी वाचला नाही, पाहिला. या डोळ्यांनी.”

“बाबा, सकाळपासून तुमच्या अंगातलं पाणी गेलंय,” हेरंब हळुवारपणे म्हणाला. “अशात माणसाला काहीही दिसतं.”

“शकुबाई, तुम्ही सांगा. तिथे बुटके आहेत की नाहीत?”

“मले काय माहीत? मी त कधी बिमार पडली नाही.”

म्हणजे पहिल्यांदाच बातमी माझी होती, आणि तिला दुजोरा देणारं कुणी नव्हतं. अशी बातमी मी स्वतः छापली नसती. मला काय वाटलं असेल ते लिहीत नाही. चारुलता माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने पदर सारखा केला आणि शकुबाईंपुढे जाऊन उभी राहिली. तपासणीस शाळेत आले तेव्हाही या बाईने वर्गातली खरी हजेरी सांगितली होती.

“शकुबाई,” ती म्हणाली, “माझ्या पोटात दुखतंय.”

“कवापासून?”

“आत्तापासून.”

शकुबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विळा खाली ठेवला. “फिरा मंग,” त्या म्हणाल्या. “येऊ द्या... येऊ द्या... वहिनी, वाका.”

चारुलता पाठमोरी आत गेली. कापसाच्या शेतातून कुणी कुणाला हाक मारत होतं. मी जाळीला धरून उभा होतो. मग आतून चारुलताचं हसू ऐकू आलं. शाळेतलं नव्हे, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं.

“शकुबाई,” केशवराव लगेच म्हणाले, “मलेबी मळमळून राह्यलं. त्या भज्यानंच.”

“माझं डोकं चालेल का?” हेरंबने विचारलं.

“रांगेनं बसा,” शकुबाई म्हणाल्या. “बाबा सगळ्याइचं पाह्यते.”

चारुलता बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं हसून हसून. तिने माझा हात धरला.

“आहे,” ती म्हणाली. “अगदी तुम्ही म्हणालात तसा. फट आहे. झीज नाही.”

माझी छाती जी काय फुगायची ती फुगली.

“पण एक चूक झाली तुमची,” ती पुढे म्हणाली. “कामचुकार एक नाही, दोन आहेत. डाव्या कोपऱ्यात पाहिलंच नाही तुम्ही. तो तर चक्क डोळे मिटून झोपलाय.”

जन्मात एकच बातमी डोळ्यांनी पाहून दिली, आणि तासाभरात तिला दुरुस्ती.

“तुमचं पोट कसं हाय आता?” शकुबाईंनी मला विचारलं. “बरं वाटत असंन त जा सरळ तोंडानं. घ्या दर्शन.”

पोट साफ बरं होतं. इतकं बरं ते सबंध आठवड्यात नव्हतं. दार उघडं होतं, आणि आतला चेहरा, मिशांचा की बिनमिशांचा, मिटल्या डोळ्यांचा की उघड्या, माझी वाट बघत होता.

मी दोन्ही हात पोटावर ठेवले, जरा वाकलो, आणि केशवरावांच्या मागे रांगेत बसलो.